नंदनवनात पाणी कोण भरतं?

(कार्यकर्त्या मैत्रिणींच्या दोन दिवसांच्या शिबिरातल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)

शिबिराचं पत्र आलं तेव्हा माझ्या नावापुढे विषय लिहिला होता, 'आपल्या स्वप्नातला समाज'. मी लगेच होकार कळवला आणि मग आठ दिवस डोकं धरून बसले. कारण या समाजाबद्दल आपण इतकी वर्षं बोलतोय, त्याची गाणी म्हणतोय, पोस्टरं रंगवतोय, की आता तो आपल्याला पाठ झालाय. पाठ झालेली गोष्ट माणूस तपासून बघत नाही. म्हणून मी विषय थोडा वळवून घेतलाय. कुठेतरी फार लांब एक जागा आहे, तिथे दुःख नाही, भांडण नाही, म्हातारपणसुद्धा नाही, ही जी कल्पना माणसं शतकानुशतकं करत आली आहेत, तिच्याबद्दल मी बोलणार आहे. आपल्याकडे शाळेच्या निबंधात तिला 'भूलोकीचं नंदनवन' म्हणतात.

या विषयाकडे मला वळवलं ते एका बाईने. आमच्या सल्ला केंद्रात भिंतीवर एक कॅलेंडर होतं. बर्फाचा डोंगर, खाली निळंशार तळं, वर चढावर एक लाकडी घर. दोन लेकरं घेऊन आलेली एक बाई आपला नंबर यायची वाट बघत त्याच्याकडे टक लावून बसली होती. तिने मला विचारलं, "ताई, ही जागा खरी आहे का?" मी म्हटलं, "असेल कुठेतरी." तर म्हणाली, "मग तिथं पाणी कोण भरतं? तळं तर केवढं खाली आहे."

मी हसले. ती हसली नाही. तिच्या प्रकरणाची सुरुवातच हंडा आणायला उशीर झाला म्हणून झालेल्या मारहाणीने होती. चित्र बघताना तिच्या पायांनी आधी तो चढ मोजला होता. मी ते कॅलेंडर वर्षभर बघत होते, माझ्या मनात हा प्रश्न आला नव्हता. कारण माझ्या घरी नळ आहे.

तेव्हापासून मी ठरवलं, कुणीही नंदनवन दाखवलं की आधी हाच प्रश्न विचारायचा. आज तो आपण तीन-चार ठिकाणी विचारून बघू.

पहिलं ठिकाण शांग्रिला. हे नाव तुम्ही हॉटेलांच्या, रिसॉर्टच्या, बंगल्यांच्या पाट्यांवर वाचलं असेल. ते कुठल्या पुराणातलं नाही. जेम्स हिल्टन नावाच्या इंग्रज लेखकाने १९३३ साली 'लॉस्ट होरायझन' ही कादंबरी लिहिली, तिच्यातलं ते नाव. हिल्टन तिबेटात कधी गेला नव्हता. वाचलेल्या प्रवासवर्णनांवरून त्याने तिबेट उभा केला. आणि काळ बघा. एक महायुद्ध होऊन गेलेलं, मंदीने कारखाने बंद पडलेले, दुसरं युद्ध येणार अशी चाहूल लागलेली. अशा वेळी युरोप-अमेरिकेतल्या थकलेल्या माणसांना त्याने सांगितलं की डोंगरांपलीकडे एक मठ आहे, तिथे सगळं निवांत आहे. पुस्तकाचा भयंकर खप झाला. १९३७ साली फ्रँक काप्राने त्यावर सिनेमा काढला.

गोष्ट थोडक्यात अशी. चार प्रवाशांचं विमान पळवलं जातं आणि तिबेटच्या निर्जन डोंगरांत उतरवलं जातं. तिथून त्यांना एका मठात नेतात. तोच शांग्रिला. तिथे ग्रंथालय आहे, पियानो आहे, चिनी मातीची सुंदर भांडी आहेत. मठाचा प्रमुख लामा हा मूळचा युरोपातला पाद्री, अठराव्या शतकात तिथे पोचलेला आणि सुमारे अडीचशे वर्षं जगलेला. कशाचाही अतिरेक नको, ही त्यांची शिकवण. गावात पोलीस नाहीत, सैन्य नाही. ऐकायला किती छान वाटतं.

आता आपला प्रश्न विचारू या. या मठातला पहिला माणूस प्रवाशांना भेटतो तो पालखीवजा खुर्चीत बसून येतो. खुर्ची कुणी उचलली आहे? तिबेटी हमालांनी. मठात अंघोळीचं टब आहे, ते अमेरिकेतल्या ओहायो राज्यात बनलेलं. ते टब बर्फाच्या खिंडीतून कुणी आणलं? पुन्हा हमालांनीच. खाली दरीत हजारो माणसं शेती करतात, त्यांच्या जिवावर मठ जेवतो. त्या माणसांना आपला कारभार निवडायचा हक्क नाही. अमुक धोरण बरोबर आणि तमुक चूक असं ठामपणे सांगायचीच त्यांना लाज वाटेल, असं वर आपल्याला सांगितलं जातं. आणि दीर्घायुष्य? तेही सगळ्यांना सारखं नाही. प्रमुख लामा सांगतो की गोऱ्या वंशाच्या माणसांवर हा प्रयोग उत्तम चालतो, तिबेटी माणसं शंभरीच्या पुढे फारशी जात नाहीत. म्हणजे त्यांच्याच डोंगरात, त्यांच्याच हवेत, चमत्कार मात्र बाहेरून आलेल्यांसाठी!

आणि बाया? मठाचा माणूस म्हणतो की आमच्यात स्त्री-पुरुष असा भेद नाही. कागदावर समानता आहे, आपल्या ओळखीचीच. पण दरीतल्या लोकांचं कसं चालतं, दोन पुरुषांना एकच बाई हवी असली तर काय करतात, असा प्रश्न निघतो. तर उत्तर असं, की एकाला ती फारच हवी असेल तर दुसऱ्याने सभ्यपणे ती त्याला देऊन टाकावी, आणि बाईनेही तितक्याच सभ्यपणे राजी व्हावं. ज्या गावात पोलीस लागत नाहीत त्या गावाची शांतता ही अशी आहे. 'समजुतीने घ्या' हे आपण रोज ऐकतो ना? तेच हे, फक्त बर्फाच्या डोंगरात ऐकलेलं.

मठात एक मुलगी आहे, लो-त्सेन. अठरा वर्षांची असताना, १८८४ साली, लग्न ठरलेल्या राजपुत्राकडे तिला नेत होते. डोंगरात वाट चुकली आणि ती इथे आली. तेव्हापासून ती सुंदर वाद्य वाजवते आणि तरुणच दिसते. अख्ख्या पुस्तकात ती जवळजवळ बोलत नाही. तिला काय वाटतं हे पुरुषच एकमेकांना सांगतात. शेवटी ती मठ सोडून बाहेर पडते. मग तिचं काय होतं? पुस्तकाच्या अखेरीला एका रुग्णालयातला डॉक्टर सांगतो की या माणसाला इथे घेऊन आलेली बाई इतकी म्हातारी होती की तेवढं म्हातारं माणूस त्याने कधी पाहिलं नव्हतं. लगेच ती मरते. नंदनवन सोडून जाणाऱ्या बाईला शिक्षा मिळते ती अशी, तिच्या शरीरावर. घर सोडलेल्या बाईबद्दल आपल्याकडे काय काय सांगतात ते आठवा.

कुणी म्हणेल, कादंबरीच ती, एवढं काय मनावर घ्यायचं? पण कल्पनेतल्या जागा खऱ्या जमिनीवर उतरतात. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी १९४२ साली आपल्या डोंगरातल्या विश्रामस्थळाला शांग्रिला नाव दिलं. पुढे १९५३ साली आयझेनहॉवरने ते बदलून कँप डेव्हिड केलं. त्याच १९४२ साली टोकियोवर बाँब टाकणारी विमानं कुठून उडाली असं विचारल्यावर रूझवेल्ट म्हणाले होते, शांग्रिलाहून! शांतीच्या मठाचं नाव बाँबफेकी विमानांच्या तळाला.

आणि २००१ साली तर चीन सरकारने युन्नान प्रांतातल्या झोंगदियान नावाच्या तिबेटी वस्तीच्या भागाचं नाव अधिकृतपणे बदलून शांग्रिला केलं. त्यामागे हिशोब होता. तिथली कमाई जंगलतोडीवर चाले. १९९८ साली यांगत्से नदीला महापूर आला आणि सरकारने त्या भागात झाडं तोडायला बंदी केली. मग पोट कशावर भरायचं? पर्यटनावर. पर्यटक यायचे तर नाव हवं. एका इंग्रजाने न बघता लिहिलेलं नाव तिथल्या लोकांनी आपल्या गावाला लावून घेतलं. जुन्या लाकडी घरांची दुकानं झाली, खानावळी झाल्या. २०१४ सालच्या जानेवारीत त्या जुन्या गावाला रात्री आग लागली आणि दोनशेहून जास्त घरं जळाली. कडाक्याच्या थंडीत आग विझवायच्या नळांना पुरेसं पाणी मिळालं नाही. मी ही बातमी वाचली तेव्हा मला आमच्या केंद्रातली ती बाई आठवली. नंदनवनाची पाटी लावली, पाण्याची व्यवस्था कुणी बघायची?

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. तिबेटी लोकांची स्वतःची अशी कल्पना हिल्टनच्या किती तरी आधीची आहे. त्यांच्या ग्रंथांत शंभल राज्य आहे. हिमालयात दडलेली खोरी आहेत, त्यांना ते 'बेयुल' म्हणतात. फार वाईट काळ आला की तिथे आश्रय मिळेल, असं ते मानतात. १९५०नंतर चिनी सैन्य आलं तेव्हा खरोखरच लोक लेकरंबाळं घेऊन पेमाकोच्या दिशेने निघाले. पेमाको म्हणजे आपल्या अरुणाचलच्या सीमेलगतचा भाग, तेही असंच एक पवित्र खोरं. आता फरक बघा. सुखवस्तू माणसाचं नंदनवन म्हणजे कटकटीपासून सुटका. मार खाणाऱ्याचं नंदनवन म्हणजे लपायला जागा. दोघं एकच शब्द वापरतात, पण मागतात ते वेगळं. म्हणून स्वप्नं वाईट असतात असं मी म्हणणार नाही. स्वप्न कुणाचं आहे हे बघा, एवढंच माझं म्हणणं.

आता दुसरं ठिकाण. हे आपल्या चळवळीला फार आवडतं. त्याच युन्नान प्रांताच्या सीमेवर लुगू नावाचं तळं आहे. त्याच्या काठी मोसुओ लोक राहतात, चाळीस हजारांच्या आसपास. तिथे घर आईच्या वंशाने चालतं. मुलगी लग्न होऊन दुसरीकडे जात नाही. मुलगे-मुली सगळे आईच्याच घरी राहतात. पुरुष रात्री आपल्या सखीच्या घरी जातो आणि सकाळी आपल्या आईच्या घरी परत येतो. मुलं आईच्या घरी, मामांच्या हाताखाली वाढतात. घरची कर्ती बहुधा एखादी वयस्क बाई असते.

पर्यटनवाल्यांनी याचं 'बायकांचं राज्य' केलं. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकापासून गाड्या भरभरून पुरुष तिथे जायला लागले, कारण त्यांना सांगितलं गेलं की तिथल्या बायका 'मोकळ्या' आहेत. जिथे बाईला स्वतःच्या मर्जीने नाही म्हणता येतं, ती जागा बाहेरच्या पुरुषाने फुकट मिळण्याची जागा म्हणून वाचली. आणि आपण काय केलं? आपणही तिथे आपलं नंदनवन बघितलं. शिबिरांमधून मी स्वतः सांगितलंय, 'बघा, जगात असंही आहे!' पण तिथल्या शेतात कोण राबतं, जनावरांचं कोण करतं, होडी वल्हवून पर्यटकांना कोण फिरवतं, हे मी विचारलं नव्हतं. तिथे बायका फार कष्ट करतात. ते घर म्हणजे स्वर्ग नाही.

पण एक गोष्ट तिथून घ्यायची ती घेऊच. दोघांचं पटेनासं झालं तर तिथे घर मोडत नाही. बाई आपल्या घरातच असते, मूल आपल्या घरातच असतं. 'आता मी कुठे जाऊ?' हा प्रश्नच पडत नाही. आणि जिथे सासर नाही, तिथे माहेर अशी वेगळी जागाही उरत नाही.

इथे मी आपल्या घरी येते. कारण मैत्रिणींनो, तुमचं-माझं शांग्रिला तिबेटात नाही. आपलं नंदनवन म्हणजे माहेर.

जात्यावरच्या ओव्या आठवा. पिढ्यानपिढ्या बाया पहाटे दळता दळता कशाबद्दल गायल्या? माहेरच्या वाटेबद्दल, भावाच्या गाडीबद्दल, आईच्या हातच्या घासाबद्दल. संतांनी देवाच्या गावाला सुद्धा माहेरच म्हटलं, कारण यापेक्षा गोड शब्द त्यांनाही सापडला नाही. माहेर कोसावर असलं तरी दूर असतं, कारण तिथे परवानगीशिवाय जाता येत नाही. आणि दूर असतं म्हणूनच ते सुंदर राहतं.

केंद्रात येणारी प्रत्येक बाई सांगते, "माझ्या माहेरी मला कुणी बोटसुद्धा लावलं नाही." ती खोटं बोलत नाही. पण 'मग चार महिने तिथे जाऊन राहतेस का?' म्हटलं की ती खाली बघते. भाऊ दोन दिवस ठेवील. आठव्या दिवशी भावाचा चेहरा बदलेल हे तिला ठाऊक असतं. दोन दिवसांपुरतंच ते नंदनवन असतं.

आणि त्या दोन दिवसांची किंमत असते. ती तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. हक्कसोड.

आता मी जे सांगणार आहे ते या व्यासपीठावरून कधी सांगितलेलं नाही. माझे वडील १९९५ साली गेले. वारस म्हणून आईचं, दादाचं, माझं आणि धाकट्या बहिणीचं नाव लागलं. पुढच्या वर्षी दिवाळीला आम्ही दोघी बहिणी गेलो. भाऊबीज झाली, दुसऱ्या दिवशी दादाने स्कूटर काढली. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात कागद तयारच होते. दादाने जबरदस्ती केली नाही. तो एवढंच म्हणाला, "तुमचं येणंजाणं आहेच की." मी सही केली. बहिणीने माझ्याकडे बघून सही केली. येताना आम्हाला साड्या घेतल्या.

तेव्हा मी चळवळीत नवखी नव्हते. बापाच्या वाट्यात मुलगी वारस असते हे १९५६च्या हिंदू वारसा कायद्यापासून आहे, हे मी गावोगाव सांगत होते. महाराष्ट्राने १९९४ साली, तोवर लग्न न झालेल्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला, त्यावर मी भाषणं केली होती. आणि स्वतःच्या वेळी पेन हातात घेतलं ते एका गोष्टीच्या भीतीने, की हे दार बंद झालं तर मला जायला कुठली जागाच उरणार नाही. मी जमीन दिली आणि नंदनवन ठेवून घेतलं.

कॅलेंडरवाली बाई भेटली त्याच वर्षीच्या दिवाळीत मी माहेरी होते. पहाटे साडेचारला जाग आली. पाण्याचा आवाज येत होता. आमच्या गावात नळ आला आहे, पण पाणी दिवसाआड, तेही पहाटे आणि वाड्याच्या खालच्या अंगाला. वहिनी एकटी बादल्या वर आणत होती. तिची साठी उलटली आहे. इतक्या वर्षांत मी त्या घरी पहाटे कधी उठलेच नव्हते, कारण माहेरी आलेल्या लेकीने झोपायचं असतं. मी उठून बादलीला हात घातला तर म्हणाली, "राहू द्या हो वन्सं, चार दिवस विसाव्याला येता."

मी विचारलं, "वहिनी, तुम्ही कधी जाता विसाव्याला?" ती म्हणाली, "मी पण सही करून दिलीय, तुमच्यासारखीच. पण भावजयीची तब्येत बरी नसते. मी गेले की तिलाच त्रास."

मैत्रिणींनो, माझ्या नंदनवनात पाणी वहिनी भरत होती. माझं माहेर हे तिचं सासर आहे. आणि तिच्या माहेरी तिची भावजय पाणी भरत असते. एकीच्या दोन दिवसांच्या सुखासाठी दुसरी बारा महिने राबते, आणि कागदावर नाव दोघींचंही नसतं. सातबारा दादाच्या नावावर आहे. आम्ही नणंद-भावजया म्हणून इतकी वर्षं एकमेकींकडे जपून बघत आलो, आणि त्या घरात आम्ही दोघीही पाहुण्याच होतो.

मग स्वप्न बघूच नये का? तर बघावं. पण कसं, ते दोघांकडून शिकावं. एक संत रविदास. पाचशे वर्षांपूर्वी चर्मकार समाजात जन्मलेल्या या माणसाने 'बेगमपुरा' म्हणून एका शहराची कल्पना केली. तिथे दुःख नाही, कर नाही, कुणी दुय्यम नाही, कुणालाही कुठेही फिरायला मज्जाव नाही. आपल्या गेल ऑम्वेट यांनी जातिविरोधी विचारवंतांवर २००८ साली पुस्तक लिहिलं, त्याच्या नावातच बेगमपुरा घेतलं. लक्षात घ्या, रविदासांनी शांत दरी मागितली नाही, माणसांनी भरलेलं शहर मागितलं. ज्याला रोज रस्त्यात अडवतात, त्याला स्वर्गातही रस्ता मोकळा हवा असतो.

दुसरी रुकैया सखावत हुसेन. रंगपूरकडच्या पायराबंदची, १८८० साली जन्मलेली. घरात चोरून शिकलेली. तिने १९०५ साली मद्रासच्या एका इंग्रजी मासिकात 'सुलतानाज् ड्रीम' ही गोष्ट लिहिली. तिच्यातल्या देशात पुरुष माजघरात आणि बाया बाहेर, कारभार बघतात. गंमतीची गोष्ट आहे. पण रुकैयाने एक केलं जे हिल्टनला सुचलं नाही. तिने सुलतानाला सरळ स्वयंपाकघरात नेलं. तिथे धूर नाही, कोळसा नाही, सूर्याच्या उष्णतेवर अन्न शिजतं. आणि पाणी? विद्यापीठातल्या बायांनी ढगातून पाणी ओढून घेणारा फुगा बनवला आहे. १९०५ साली त्या बाईने आपल्या प्रश्नाचं उत्तर देऊन ठेवलंय! पुरुषांना कोंडून घालून आपला स्वर्ग होणार नाही हे तिलाही कळत होतं. तिने आरसा धरला होता. आणि गोष्ट लिहून ती थांबली नाही. १९११ साली कलकत्त्यात आठ मुली घेऊन तिने शाळा काढली. घरोघर जाऊन मुली मागितल्या. तिचं स्वप्न लांबच्या डोंगरात राहिलं नाही, एका गल्लीत येऊन बसलं.

आता आपल्या कामाचं. आपण केंद्रात बाईला सांगतो, 'काही दिवस माहेरी जा.' हे मीही शेकडो वेळा सांगितलं आहे. यापुढे हा सल्ला देताना आपण थांबलं पाहिजे. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार विरोधी कायद्याने बाईला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला आहे, घर कुणाच्याही नावावर असो. त्या वेळी न्यायालयात आपण आधी तोच मागायला हवा. त्याच वर्षी वारसा कायद्यात दुरुस्ती झाली आणि लग्न झालेल्या मुलींनाही वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क मिळाला. त्यासाठी २००५ साली बाप जिवंत असायला हवा होता असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केलं. हे हिंदू कायद्याचं झालं. मुस्लिम, ख्रिस्ती मैत्रिणींचे कायदे वेगळे आहेत. सही मागायची रीत मात्र सगळीकडे सारखीच.

मला माहीत आहे, हे बोलणं सोपं आहे. दीड एकरात चार वाटे पडले तर कुणाचंच पोट भरत नाही. वाटा मागितला म्हणून माहेर तुटलेल्या बाया या मांडवात बसल्या आहेत, आणि आपल्या चळवळीने त्यांच्या भाऊबिजेला त्यांना जेवायला बोलावलेलं नाही, हेही खरं आहे. शिवाय नणंदेने वाटा घेतला तर भावजयीचं काय? तिचंही नाव लागलं पाहिजे. ग्रामपंचायतीच्या नोंदीत घर नवरा-बायको दोघांच्या नावावर करता येतं. दादाला मी यंदा हेच सांगितलं. माझा वाटा मी मागितला नाही, सोडलेला हक्क आता सहजी परत येत नाही. मी म्हटलं, "घरावर वहिनींचं नाव लाव." तो तीन महिने बोलला नाही. मग एक दिवस वहिनीचा फोन आला, "वन्सं, ग्रामसेवकाकडे अर्ज कसा करायचा हो?" अर्ज केला आहे. नाव अजून लागलेलं नाही.

ती कॅलेंडरवाली बाई माहेरी गेली नाही. न्यायालयाच्या आदेशाने ती त्याच घरात, वेगळ्या खोलीत राहते. घरात तिच्याशी कुणी बोलत नाही. ते काही नंदनवन नाही. पण पाणी ती स्वतःपुरतं आणि लेकरांपुरतं भरते, आणि उशीर झाला तर तिला कुणी मारत नाही.

आता दुपारच्या सत्रासाठी माझ्या दोन सूचना आहेत. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने राहत्या घराचा उतारा आणि माहेरचा सातबारा घेऊन यायचा. नाव आहे की नाही, एवढंच आधी बघू. ज्यांच्या सह्या झाल्या आहेत त्यांनीही या. लाजू नका, पहिला कागद माझा असेल.

आणि दुसरी सूचना. कालपासून मागच्या पडवीत चौघीजणी आपल्यासाठी पाणी भरतायत, भाकऱ्या थापतायत. आपण इथे स्वप्नातल्या समाजाची चर्चा करतोय आणि त्यांच्यापर्यंत माझा आवाजही पोचत नाही. त्यांना आत बोलवा. सातबाराचं सत्र त्यांचंही आहे. आजची ताटं आपापली आपण घासू, आणि टाकीतलं पाणी संपलंय असं मघाशी कुणी तरी म्हणालं, तर आधी चला, तेवढं भरून येऊ.